गनिमी काव्याचे गोत

गनिमी काव्याचे नाव निघाले, की मराठी माणसाच्या मनापुढे एक ठराविक चित्र उभे राहते. उंच कडा, अंधारी रात्र, दाट जाळी, कमरेला शिदोरी बांधून बसलेले चारदोनशे शिलेदार, आणि खालून बेसावध येणारी मोगलांची अवजड फौज. हे चित्र खोटे नव्हे. पण त्यात एक उणीव आहे. त्यात शिदोरी दिसते, ती शिदोरी कोणी बांधून दिली ते मात्र दिसत नाही.

वाक्य साधे आहे, पण त्यामागचा प्रश्न साधा नाही. मानववंशशास्त्राचा अभ्यासक गनिमी युद्धाकडे पाहतो तो याच प्रश्नापासून आरंभ करतो. सेनापती कोण, तलवारी किती, खिंड कोणती, हे प्रश्न युद्धशास्त्राचे. भाकरी कोणी भाजली, निरोप कोणी नेला, डोंगरात निघताना कोणी कोणाला हाक घातली आणि अखेर कोणी कोणाला धरून दिले, हे प्रश्न माणसांच्या शास्त्राचे. आमच्या नाशिकच्या डोंगराळ मुलखात या प्रश्नांची उत्तरे जितकी स्पष्ट मिळतात तितकी ती फारच थोड्या ठिकाणी मिळत असतील.

प्रथम शब्दच पाहू. गनीम म्हणजे शत्रू, लुटारू. हे नाव मोगलांनी मराठ्यांना दिले आणि मराठ्यांनी ते भूषणासारखे मिरविले. कावा म्हणजे कपट हे सर्वांस ठाऊक आहे. पण घोडा गोल फिरविणे, त्याला मंडल धरावयास लावणे, असाही त्या शब्दाचा एक जुना अर्थ आहे. युरोपात या युद्धपद्धतीला जे नाव पडले ते १८०८ नंतर स्पेनच्या शेतकऱ्यांनी नेपोलियनच्या फौजांना सतावून सोडले तेव्हाचे. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘लहानसे युद्ध’ एवढाच. त्या आधी १३८ वर्षे, १७ ऑक्टोबर १६७० रोजी, सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी वणी-दिंडोरीच्या मुलखात, कांचनबारीपाशी, दाऊदखान कुरेशीला अडवून धरले आणि खजिना पुढे सुखरूप रवाना केला. पुढे संभाजी महाराजांच्या काळात नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याने मोगलांना पाच वर्षांहून अधिक काळ झुंजविले. या कथा मुलांनाही पाठ असतात. म्हणून त्यांच्यात न शिरता आपण त्या डोंगरांच्या पायथ्याशी, वाड्यावस्त्यांत जाऊ.

त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीला वेढून मेटघर किल्ला नावाचे गाव आहे. ‘मेट’ म्हणजे किल्ल्याच्या उतारावरील पहाऱ्याची जागा. असल्या मेटांवर आणि किल्ल्यांच्या शिबंदीत जे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्यांत महादेव कोळी पुष्कळ. त्र्यंबक, इगतपुरी, कळसूबाईचा परिसर, पलीकडे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले आणि पुण्याकडचे जुन्नर, हा त्यांचा मुलूख. सिन्नर, संगमनेर आणि खानदेशाच्या बाजूस भिल्ल. पेठ-हरसूलच्या अंगाला कोळ्यांबरोबर ठाकूर, वारली आणि कोकणा. नागली, वरई आणि थोडे भात हे त्यांचे अन्न. घाटाची राखण, किल्ल्याचा पहारा आणि त्याबद्दलचे हक्क ही त्यांच्या नाइकांची मिराशी.

आता हिशेब करा. पन्नास माणसांची टोळी डोंगरात लपली, तर दोन वेळच्या दोनशे भाकऱ्या तरी हव्यात. चार-सहा घरांच्या वाडीत एवढे पीठ दळायचे तर जाते मध्यरात्रीपासून फिरले पाहिजे. चुलीचा धूर नेहमीपेक्षा जास्त वेळ निघाला तर दोन कोसांवरून दिसणार. म्हणजे एका वाडीचे हे काम नव्हे. दहा वाड्यांनी ते वाटून घ्यावे लागते आणि दहाही वाड्यांनी तोंडे बंद ठेवावी लागतात. ही वाटणी कोण करीत असेल? इतिहासाच्या कागदांत त्या बायाबापड्यांची नावे नाहीत. पण प्रत्येक बंडाच्या मुळाशी त्यांचे जाते फिरत होते, हे विसरून चालणार नाही.

भाकरीनंतर बातमी. त्रिंबकजी डेंगळे यांच्या सुटकेची कथा प्रसिद्धच आहे. पेशव्यांचा हा कारभारी इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात कैद करून ठेवला होता. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. त्यांना मराठी येत नव्हते. एका इंग्रज अंमलदाराचा मराठी मोतद्दार त्रिंबकजींच्या खिडकीखाली घोडा चोळता चोळता गाणी म्हणे. त्या गाण्यांतूनच पळण्याचा सारा बेत कैद्याला कळला आणि सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. ते गेले कोठे? याच नाशिक-संगमनेर-खानदेशच्या डोंगरांत, भिल्ल, कोळी आणि रामोशी यांच्या आश्रयाला. पुढे दीड वर्षांहून अधिक काळ ते हाती लागले नाहीत. जून १८१८ मध्ये पकडले गेले ते पेशवाई बुडाल्यावर, आणि डोंगरात नव्हे, तर अहेरगाव या सपाटीवरच्या गावी. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

तिसरा प्रश्न नात्याचा, आणि सगळ्याची किल्ली त्यातच आहे. महादेव कोळ्यांत २४ कुळे सांगतात आणि त्यांच्या पोटशाखा दोनशेंवर. कुळांची नावे वाचली तर नवल वाटेल. भोसले, चव्हाण, गायकवाड, कदम, जगताप, क्षीरसागर! एका कुळातल्या माणसांत लग्न होत नाही. म्हणून प्रत्येक वाडीच्या सुना आणि सासुरवाशिणी डोंगराच्या दुसऱ्या अंगाच्या वाड्यांत असतात. या घाटातून त्या घाटात पळणारा माणूस आत्याकडून मावशीकडे आणि मावशीकडून मेहुण्याकडे जात असतो. सरकारी शिपायाला ते निबिड अरण्य वाटते; कोळ्याला ते सोयऱ्यांचे अंगण असते.

या अंगणाला कायदाही होता. ‘गोतराणी’ नावाची त्यांची जातसभा असे. तिचा एक प्रमुख, त्याचा एक दुय्यम, आणि हुकूम बजावणारे काही ठरलेले मानकरी. गोताचा गुन्हा करणाऱ्याच्या दारावर एकाने उंबराची डहाळी लावावयाची, ‘हाडक्या’ने मेलेल्या गुराचे हाड बांधावयाचे, आणि ‘मडक्या’ने घरातली मातीची मडकी उचलून न्यावयाची. मग त्या घराशी विस्तव नाही, पाणी नाही, सोयरीक नाही. अशा माणसापुढे सरकारने शेकडो रुपयांचे बक्षीस ठेवले तरी ते घेऊन तो राहणार कोठे आणि मुलीला देणार कोणाच्या घरी? टोळीचे रहस्य तलवारीच्या धाकाने जितके टिकत नव्हते तितके ते त्या उंबराच्या डहाळीने टिकत होते.

हे सगळे आपल्याला कसे कळले, ही मोठी मौजेची आणि विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. ते लिहून ठेवणारा गृहस्थ कोणी प्राध्यापक नव्हता. तो कंपनी सरकारचा एक लष्करी अंमलदार, कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश. १८२९-३० च्या सुमारास रामजी भांगरे यांच्यामागे अकोले-नाशिककडील कोळी डोंगरात निघाले, तेव्हा त्यांच्या पाठलागावर हाच होता. पुढे पुरंदरच्या बाजूला उमाजी नाइकांचा माग काढण्याचे कामही त्याच्याकडे आले. डिसेंबर १८३१ मध्ये उमाजी आपल्याच जवळच्या माणसांच्या फितुरीने सापडले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. या दरम्यान मॅकिंटॉश कैदेतल्या उमाजींशी बोलत बसला. आणि १८३३ मध्ये त्याने रामोशी लोकांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. नंतर काही वर्षांतच महादेव कोळ्यांवरचा त्याचा निबंधही छापला गेला. कुळे, लग्ने, देवदेवता, गोतराणी, शेती, हत्यारे, सारे त्यात आहे. आपल्या प्रांतातले मानववंशशास्त्राचे हे अगदी आरंभीचे लिखाण होय, आणि ते पाठलागाच्या वाटेवर झालेले आहे!

मॅकिंटॉश डोळस होता, यात शंका नाही. ज्यांना पकडावयाचे ते नुसते चोर नसून त्यांच्यामागे एक समाज उभा आहे, हे त्याने ओळखले. पण ओळखण्याचा हेतू कोणता? कुळे मोजावयाची ती कोणाच्या घरी कोण लपेल हे कळावे म्हणून. सोयरिकी लिहावयाच्या त्या कोणाला कोणापासून फोडता येईल हे समजावे म्हणून. वैद्य नाडी पाहतो आणि मल्लही प्रतिपक्षाचे मनगट धरतो. बोटे दोघांचीही तेथेच असतात.

आता चौथा प्रश्न, मानाचा. नाईक डोंगरात निघतो तो कशासाठी? पेशवाईत याचे उत्तर सर्वांना ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जावजी बांबळे या कोळी नाइकाने अनेक वर्षे पेशव्यांच्या फौजांना दाद दिली नाही. अखेर तुकोजी होळकरांच्या रदबदलीने त्याला माफी मिळाली, एवढेच नव्हे तर राजूरच्या बाजूच्या ६० गावांची सुभेदारी मिळाली, आणि १७८९ मध्ये मरेपर्यंत तो मानाने राहिला. त्या काळी बंड हा एक प्रकारचा अर्जच होता. हक्क गेला, दाद लागेना, म्हणून नाईक ‘रानात निघाला’. सरकारने थोडे लढून, थोडे बोलून, त्याला पुन्हा ‘घरात आणला’. दोन्ही पक्षांना या खेळाचे नियम माहीत होते.

१८१८ नंतर नियमच बदलले. किल्ले पडले; पुष्कळ ठिकाणी पायऱ्या आणि बुरूज सुरुंगाने उडविण्यात आले. शिबंदी गेली, मेटे ओस पडली. नाइकांचे हक्क नव्या कागदांत कमी झाले किंवा खंडणी म्हणून बुडाले. त्याच वेळी सावकाराची वही आणि कोर्टाचा हुकूम डोंगरावर चढू लागला. रामजींचे पुत्र राघोजी भांगरे १८४४-४५ मध्ये उठले तेव्हा त्यांचा राग आधी सावकारांवर निघाला, तो यामुळेच. तीन वर्षे सरकारला ते सापडले नाहीत. २ जानेवारी १८४८ रोजी सापडले ते पंढरपुरात, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. येथे त्रिंबकजींची गोष्ट आठवावी. सह्याद्रीच्या कुशीत, गोताच्या पांघरुणाखाली असता जो हाती लागला नाही, तो आपला मुलूख सोडून परक्या गर्दीत गेल्यावर हाती लागला. गनिमी योद्ध्याचा किल्ला दगडाचा नसतो, माणसांचा असतो; त्या माणसांतून तो बाहेर पडला की उघड्यावर आला.

मग सत्तावन साल उजाडले. नाशिक जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, तो झाला १८६९ मध्ये. सिन्नर तालुका अहमदनगरकडे मोडत असे. सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोटे येथील भागोजी नाईक हे भिल्ल नाईक पूर्वी पोलिसांत अंमलदार होते. १८५५ मध्ये त्यांना शिक्षा झाली, आणि सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागला. तशात हत्यारे काढून घेण्याचा हुकूम निघाला. भागोजींनी गाव सोडले आणि पन्नासएक भिल्लांनिशी पुणे-नाशिक रस्त्यावरच्या टेकडीवर ठाण मांडले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री तेथे आला. मामलेदारांमार्फत बोलणे झाले. भागोजींची मागणी काय होती? दिल्लीचे तख्त नव्हे, कोणाचे राज्य नव्हे. दोन वर्षांचा थकलेला पगार आणि पोटापाण्याची काही व्यवस्था. हे तेच जुने बोलणे होते, नाइकाचे सरकारशी. पण समोरचा माणूस त्या भाषेतला नव्हता. गोळी सुटली आणि हेन्री पडला.

पुढल्या दोन महिन्यांत सारा पश्चिम डोंगर पेटला. ५ डिसेंबरच्या रात्री भिल्ल आणि ठाकुरांनी त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हरसूलचा बाजार लुटला गेला. पेठचे उठाव मोडल्यावर भगवंतराव निळकंठराव यांना साथीदारांसह फासावर जावे लागले. आणि याच वेळी सरकारने मॅकिंटॉशच्या पिढीचे ज्ञान एका नव्या रीतीने वापरले. पलटणी उत्तरेत गुंतल्या होत्या. तेव्हा कॅप्टन नट्टॉल याने कोळ्यांचीच एक पलटण उभारली, भिल्लांच्या पाठीवर सोडण्यासाठी! तिचे अंमलदार कसे निवडले ते पाहावे. बांबळे कुळाचा प्रमुख जावजी नाईक बांबळे हा सर्वांत वरचा. आणि त्याच्या जोडीला, नऊ वर्षांपूर्वी ठाण्यास फाशी गेलेल्या राघोजी भांगऱ्यांचा सख्खा भाऊ! निवड हुद्द्याने झाली नाही, घराण्याने झाली. नाइकाला नेमले की त्यामागे त्याचे कूळ चालत येते, हे सरकार आता शिकले होते.

या पलटणीचे वर्णन खुद्द इंग्रजांनी मोठ्या कौतुकाने करून ठेवले आहे. तंबू नाही, सामानाची गाडी नाही. ज्याचे त्याने पाठीवर घ्यावयाचे. शिस्तीच्या रांगा नाहीत. पण चढ असो की उतार, एकाच दुडक्या चालीने ही माणसे कोसच्या कोस काटीत. लिहिणाऱ्याला ती पाहून शिवाजीच्या मावळ्यांची आठवण झाली. खानदेशात १८२५ मध्ये औट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण अशीच उभारली होती. आरंभी अवघे नऊ जण भरती झाले, म्हणून तो त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात बसला-उठला, आणि मग पलटण वाढली. ज्या गुणांना डोंगरात असता ‘दरोडेखोरी’ म्हणत, त्यांनाच गणवेश चढताच ‘शौर्य’ म्हणू लागले. माणसे तीच, चाल तीच, भाकरीही तीच!

११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यात मिठसागरे येथे फ्रँक सूटरच्या तुकडीने भागोजी नाइकांना गाठले. ते आपल्या बहुतेक साथीदारांसह लढता लढता पडले. हाच सूटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला. आणि कोळी पलटण? मार्च १८६१ मध्ये ती मोडण्यात आली. थोडे लोक पोलिसांत गेले. बाकीचे नांगराकडे, मजुरीकडे आणि त्याच सावकाराच्या ओसरीकडे परतले.

येथे कोणी म्हणेल, कोळी सरकारास मिळाले ही फितुरी नव्हे काय? हा प्रश्न आपण शहरात बसून सहज विचारतो. पण ज्याचा किल्ला गेला, मेट गेले, हक्क गेला, त्याला तीन वर्षांहून अधिक काळ पगार आणि नाइकाला पुन्हा नाइकाचा मान मिळत होता. भिल्ल हे त्याचे शेजारी खरे, पण गोतातले नव्हते. त्याची निष्ठा कुळाला होती, आणि कुळाची भाकर ज्या बाजूला होती त्या बाजूला तो गेला. गनिमी युद्ध गोतावर उभे राहते. म्हणून ते गोताच्या सीमेपाशी थांबते. हेच त्याचे बळ आणि हीच त्याची मर्यादा. शिवाजी महाराजांची थोरवी ती याच ठिकाणी. कोळी, रामोशी, महार, मराठा, प्रभू, ब्राह्मण, अनेक गोतांच्या नाइकांना त्यांनी एका मोठ्या कार्याचे मानकरी केले. रामजी, राघोजी, भागोजी यांच्यापाशी धैर्य कमी नव्हते. गोतागोतांना जोडणारा तो धागा त्यांच्या हयातीत उरला नव्हता.

परदेशांतही असेच आढळते. पहिल्या महायुद्धात अरबांच्या टोळ्यांबरोबर तुर्कांशी वाळवंटात लढलेला लॉरेन्स हा मुळात पुराणवस्तूंचा अभ्यासक. कोणत्या टोळीचे कोणत्या विहिरीवर पाणी आणि कोणाचे कोणाशी वैर, हे त्याला पाठ होते. म्हणून रेल्वेचे रूळ उडविणे त्याला साधले. युद्ध संपल्यावर ज्या टोळ्यांना त्याने स्वातंत्र्याची आशा लावली त्यांच्या मुलखाची वाटणी मोठ्या राष्ट्रांनी करून घेतली. माणसांचे ज्ञान आणि त्या माणसांचे हित यांची गाठ आपोआप पडत नाही, हेच खरे.

आमच्याकडे त्या ज्ञानाचा शेवट अधिक कठोर झाला. १८७१ मध्ये कलकत्त्याच्या सरकारने कायदाच केला, की अमुक जमाती जन्मतः गुन्हेगार. पुढे तो आमच्या प्रांतालाही लागू झाला. ज्या कुळांच्या याद्या कधी कुतूहलाने लिहिल्या गेल्या, तसल्याच याद्यांवरून हजेऱ्या घेतल्या जाऊ लागल्या. तो कायदा देशभर रद्द झाला १९५२ मध्ये. कायदा गेला, पण लोकांच्या जिभेवरचा संशय कायद्याइतक्या लवकर जात नाही; विमुक्त म्हणविणाऱ्या जमातींना तो आजही भोगावा लागतो.

तरीही या कथेला एक दिलासा देणारे पान आहे. मॅकिंटॉशच्या निबंधानंतर सव्वाशे वर्षांच्या आत, १९५७ मध्ये, डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मालवणात जन्मलेला, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणारा हा विद्वान त्याच डोंगरांतल्या त्याच लोकांचा अभ्यास करू लागला. पण त्याच्याजवळ फरारींची यादी नव्हती. कुळे त्यानेही मोजली, चालीरीती त्यानेही लिहिल्या. विषय एकच, पण वाडीत शिरणाऱ्या माणसाच्या हातात बंदूक असणे आणि नुसती वही असणे यांत किती अंतर आहे!

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ कुटुंबे आता अंजनेरी, हरिहर, कळसूबाई यांच्या वाटा धरतात. तरुण मुले अलंग-मदन-कुलंगच्या कड्यांवर दोर लावून चढतात आणि सुरुंगाने तुटलेल्या पायऱ्यांची छायाचित्रे घेतात. चांगले आहे. पण खालच्या वाडीत वाटाड्या शोधाल आणि त्याच्या घरी नागलीची भाकरी खाल, तेव्हा त्याचे आडनाव अवश्य विचारा. तो भांगरे निघेल, बांबळे निघेल, कदाचित भोसलेही निघेल. मग त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, की तुमचे माहेर कोणत्या घाटाचे. ती जे सांगेल त्याने त्या मुलखाच्या इतिहासात एका वाटेची भर पडेल, आणि ती वाट कोणत्याच नकाशात नसेल.